कै. डॉ. भाऊ दाजी लाड : पदार्थविज्ञानाच्या वर्गातून कुष्ठरुग्णांच्या सेवेकडे

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पूर्वजाचे चरित्र द्यावे, ही प्रथा जुनी आहे. यंदा ते चरित्र कै. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे असावे, असे आम्ही ठरविले. याला दोन कारणे आहेत. त्यांचा जन्म आपल्या सारस्वत समाजात झाला, हे पहिले कारण. परंतु दुसरे कारण आम्हांस अधिक मोलाचे वाटते. ज्या चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत आपण नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालो, त्या जिल्ह्यांतून ज्या रोगाने अद्याप पाय काढलेला नाही, त्याच रोगावरील औषधाच्या शोधात भाऊ दाजींनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. भाऊ दाजी म्हटले की मुंबईचे वस्तुसंग्रहालय आठवते, प्राचीन शिलालेखांचे वाचन आठवते. परंतु पदार्थविज्ञान शिकविता शिकविता वैद्यकाकडे वळलेला आणि कुष्ठरोग्यांच्या जखमांजवळ येऊन थांबलेला शोधक भाऊ दाजी आपल्या स्मरणातून निसटत चालला आहे. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भाऊ दाजींचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. गोमंतकातील पेडणे महालात मांद्रे नावाचे गाव आहे, तेथे १८२२ साली त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती गरिबीची होती. वडिलांबरोबर हा मुलगा लहानपणीच मुंबईस आला आणि तेथेच त्याचे शिक्षण सुरू झाले. बुद्धिबळात त्याची गती विलक्षण होती. त्या वेळचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांनी त्याचा खेळ पाहून त्याला इंग्रजी शिक्षण द्यावे अशी सूचना केली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पटावर पुढच्या चार चालींचा विचार करणारी ती बुद्धी पुढे ज्या ज्या विषयास भिडली, तेथे तेथे तिने आपली छाप उमटविली.

त्या काळी एल्फिन्स्टन विद्यालय हे मुंबईतील नव्या विद्येचे माहेरघर होते. ऑर्लेबार आणि हार्कनेस हे प्राध्यापक विलायतेतून खास त्यासाठी आले होते. त्या दिवसांत ज्याला पदार्थविज्ञान म्हणत, त्यात यंत्रशास्त्र, द्रवांचा दाब, उष्णता, वाफ, प्रकाश या साऱ्या विषयांचा समावेश होई. आज अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षास विद्यार्थी जे शिकतो, त्याची बीजे त्यातच होती. भाऊ दाजी या विद्यालयात शिकले आणि १८४३ साली तेथेच साहाय्यक शिक्षक झाले. पदार्थविज्ञान व रसायन हे त्यांचे विषय. गरीब घरातून आलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणास एल्फिन्स्टनमधील शिक्षकाची जागा मिळणे म्हणजे संसाराची चिंता मिटण्यासारखेच होते.

याच सुमारास काठेवाड व कच्छ या प्रांतांतील बालिकाहत्येच्या दुष्ट चालीवर निबंध लिहिण्याची एक स्पर्धा सरकारने जाहीर केली. भाऊ दाजींच्या निबंधास ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. शिक्षकाच्या पगाराच्या मानाने ही रक्कम मोठीच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, समाजातील एखाद्या दुःखाकडे कळवळ्याने तर पाहावेच, पण त्याची कारणे शोधून उपायही सुचवावे, ही त्यांची वृत्ती येथे प्रथम प्रकट झाली.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, आणि भाऊ दाजींनी शिक्षकाची खुर्ची सोडून विद्यार्थ्याच्या बाकावर बसण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाचे धैर्य आज आपल्या सहज ध्यानात येणार नाही. नवे वैद्यक शिकायचे म्हणजे प्रेतास हात लावायचा, ते चिरायचे आणि मग घरी जाऊन चुलीजवळ बसायचे! उच्चवर्णीय हिंदू घरात याचा अर्थ काय होत असेल, हे सांगणे नलगे. त्यातून हे कॉलेज अगदी नवे. तेथून बाहेर पडणाऱ्या देशी डॉक्टरावर लोक विश्वास ठेवतील की नाही, हेही कोणास ठाऊक नव्हते. मानाची व मिळकतीची वाट सोडून भाऊ दाजींनी ही अनिश्चित वाट धरली.

कॉलेजचे पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड हे कडक शिस्तीचे शिक्षक होते. रोग पुस्तकात शिकायचा नसून रुग्णाच्या खाटेजवळ शिकायचा, आणि जे दिसले ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे, अशी त्यांची रीत. सर जमशेटजी जिजीभाई इस्पितळाच्या कक्षांत विद्यार्थ्यांना ही रीत गिरवावी लागे. प्रयोगशाळेत तराजू व तापमापक हाताळलेल्या भाऊ दाजींना ती परकी वाटली नसेल. त्यांना फॅरिश शिष्यवृत्ती मिळाली आणि १८५१ साली जे पहिले आठ पदवीधर या कॉलेजातून बाहेर पडले, त्यांत त्यांचे नाव होते. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले डॉ. आत्माराम पांडुरंग हेही त्याच तुकडीतले.

पदवीनंतर त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. अल्पावधीतच त्यांचा जम असा बसला की, धनिक व्यापाऱ्यांपासून मजुरांपर्यंत सर्व थरांतील लोक त्यांच्या दाराशी येऊ लागले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत आणि प्रसूतीच्या अवघड प्रसंगांत त्यांचा हातखंडा होता. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही ग्रँट कॉलेजातूनच पदवी घेतली होती. दोघा बंधूंनी मिळून गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. श्रीमंतांकडून मिळवायचे आणि निर्धनास फुकट द्यायचे, असा त्यांचा हिशेब होता.

परंतु चालत्या व्यवसायावर समाधान मानणारा हा पुरुष नव्हता. विलायती औषधे महाग, दुर्मीळ आणि कित्येकदा निरुपयोगी. उलट आपल्या देशात वैद्यकाचे प्राचीन ग्रंथ आहेत, वनस्पती विपुल आहेत, खेडोपाडी वापरात असलेले उपाय आहेत. यांतील खरे किती आणि पोकळ किती, हे ताडून पाहिले पाहिजे, असे त्यांनी मनाशी घेतले. त्यासाठी संस्कृत उत्तम आले पाहिजे, म्हणून ते जाणत्या वयात संस्कृतच्या अभ्यासास लागले. या अभ्यासातूनच त्यांची प्राच्यविद्येची दुसरी कीर्ती उभी राहिली. ग्रंथ कोणत्या काळचा हे ठरल्याशिवाय त्यातील ज्ञानाचे मोल ठरत नाही. काळ ठरवायचा तर नाणी व शिलालेख वाचावे लागतात. अशा पायऱ्यांनी वैद्याचा इतिहाससंशोधक झाला. अजिंठ्याचे लेख, जुनागडचा रुद्रदामनाचा लेख, कालिदासाचा काल, आर्यभट व वराहमिहिर यांचे काल अशा अनेक प्रश्नांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत व विलायतेतील नियतकालिकांत निबंध सादर केले. दूरदूरच्या लेखांचे ठसे आणण्यास त्यांनी पंडित भगवानलाल इंद्रजी यांना पदरखर्चाने पाठविले. पुढे भगवानलाल स्वतःच मोठे विद्वान म्हणून मान्यता पावले. शिष्यास आपल्या बरोबरीस आणून बसविणे हेच खऱ्या शिक्षकाचे लक्षण. भाऊ दाजींनी शिक्षकाची नोकरी सोडली होती, शिक्षकपण सोडले नव्हते.

त्यांच्या सार्वजनिक कार्याचा पसारा एवढा मोठा आहे की, येथे तो केवळ ओझरता सांगता येईल. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या फेलोंच्या यादीत मोजके देशी गृहस्थ होते. त्यांत ते एक होते. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या मुलींच्या शाळांस त्यांनी धन व श्रम दोन्ही दिले. १८६२ सालच्या प्रसिद्ध महाराज लायबल खटल्यात, धर्मगुरूविरुद्ध बोलण्यास भले भले कचरत असता, डॉक्टर म्हणून जे ठाऊक होते ते त्यांनी न्यायालयात निर्भयपणे सांगितले. १८६९ व १८७१ साली ते मुंबईचे शेरीफ झाले.  १८७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता, आणि म्हणूनच १९७५ साली त्या संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, म्हणजे भाऊ दाजींच्या काळी, कुष्ठरोग हा शाप समजला जाई. रोग्याची बोटे झडत, नाक बसे, डोळे जात. त्याला घराबाहेर, गावाबाहेर आणि अखेर माणुसकीबाहेर काढीत. विलायतेतील वैद्यांचेही मत निश्चित नव्हते. हा रोग आनुवंशिक आहे, सांसर्गिक नाही, असा निर्वाळा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ साली दिला होता. औषध तर कोणाकडेच नव्हते.

भाऊ दाजींनी या रोगास हात घातला तो एका फळाच्या आधाराने. कोकण-गोव्याच्या दमट रानांत कडू कवठ नावाचा वृक्ष आढळतो. त्याला कवटीही म्हणतात. त्याचे फळ कठीण कवचाचे व कवठासारखे गोल असते आणि त्यातील बियांपासून तेल निघते. आपल्या चंद्रपूरच्या साग, बांबू व मोहाच्या रानातले हे झाड नव्हे. ते सह्याद्रीकडचे, भाऊ दाजींच्या मायभूमीचे झाड आहे. त्वचारोगावर हे तेल लावण्याची चाल तिकडे जुनी होती. पूर्वेकडील चालमोगरा नावाच्या तेलाविषयी कलकत्त्याच्या डॉ. मोएट यांनी १८५४ साली लिहिले होते. कडू कवठ त्याच्याच कुळातले. भाऊ दाजींनी ऐकीव गुणावर विसंबून न राहता हे तेल कुष्ठरोग्यांना देऊन पाहण्यास सुरुवात केली. कोणी जवळ येऊ देत नाही अशा रोग्यांस त्यांनी आपल्या देखरेखीखाली घेतले. पुष्कळांस गुण येत असल्याचा बोलबाला झाला आणि दूरदूरचे रोगी मुंबईची वाट धरू लागले.

येथे चरित्रकाराने प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदविली पाहिजे. भाऊ दाजींनी आपल्या हयातीत या औषधाचा तपशील प्रसिद्ध केला नाही. औषध गुप्त ठेवल्याबद्दल त्या काळी त्यांच्यावर टीकाही झाली. अर्धवट पुराव्यावर घाईने बोलू नये, पुरते पटल्यावरच जगापुढे ठेवावे, हा त्यांचा विचार असावा असे आम्हांस वाटते. शिलालेखातील एका अक्षरासाठी महिनोन् महिने थांबणाऱ्या माणसाचा तो स्वभावच होता. परंतु काळ थांबला नाही. १८६५ साली मुंबईच्या शेअरबाजारातील प्रचंड उलथापालथीत त्यांची बहुतेक मिळकत बुडाली होती. पुढे प्रकृतीही ढासळली, अर्धांगवायूने त्यांना गाठले आणि १८७४ सालच्या मे महिन्यात, पुरती बावन्न वर्षेही झाली नसताना, त्यांचे देहावसान झाले. त्यांचे प्राच्यविद्येवरील लेख पुढे ग्रंथरूपाने कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. कुष्ठरोगावरील त्यांच्या प्रयोगांस मात्र असा ग्रंथ लाभला नाही. ते वापरीत असलेले तेल कडू कवठाचे होते, एवढी गोष्ट औषधिशास्त्राच्या पुस्तकांत राहिली.

याच्याशी एक गोष्ट ताडून पाहण्याजोगी आहे. त्याच मुंबईत, त्याच ग्रँट कॉलेजात, डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हे शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथातील चित्रे यांनीच काढलेली. तेही कुष्ठरोगाच्या अभ्यासात गुंतले होते. पण जे दिसेल ते लिहून छापीत गेले. १८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांनी या रोगाचे जंतू पाहिले, त्याच वर्षी कार्टर तेथे जाऊन त्यांना भेटले. म्हणजे भाऊ दाजी अंथरुणास खिळत होते, तेव्हाच रोगाच्या कारणावरचा पडदा दूर होत होता. त्यांच्या नोंदी त्या वेळी जगापुढे असत्या, तर एका देशी वैद्याचे नाव या शोधमालिकेत ठळक अक्षरांनी लागले असते, ही हळहळ आम्हांस वाटते.

या जातीच्या तेलाची कथा पुढे दीर्घ काळ चालली. ते पोटात घेतले तर मळमळे, टोचले तर त्वचेखाली साकळे. १९१५ साली हवाई बेटांत ॲलिस बॉल नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने चालमोगऱ्याच्या तेलापासून टोचता येईल असे औषध तयार केले. तीही पुढच्याच वर्षी वारली आणि तिचे श्रेय काही काळ दुसऱ्याच्या नावे गेले. ही तेले काही रोग्यांना काही अंशी गुण देत, सर्वांना नव्हे. खरी क्रांती १९४० नंतर सल्फोन औषधांनी केली. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचविला, आणि आज हा रोग सहा महिन्यांत अथवा एका वर्षात पुरता बरा होतो. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

असे असूनही आपल्या जिल्ह्यांत नवे रोगी का सापडतात? १९५१ साली वरोऱ्याजवळच्या माळरानावर विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले, कै. बाबा आमटे यांनी अवघ्या सहा रुग्णांनिशी तेथे संसार मांडला. सारे जग ते स्थान पाहण्यास येते. आपल्यापैकी अनेकांनी तेथील सतरंज्या व चादरी घरी आणल्या आहेत. परंतु स्वतःच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर आपण काय करतो? आमच्याच परिचयातील एका सुशिक्षित घरातील गृहिणीने दंडावरचा असा चट्टा तीन वर्षे पदराखाली झाकून ठेवला, कारण मुलीचे लग्न जमायचे होते. लग्न जमले, पार पडले. पण तोवर त्या माउलीच्या हाताची दोन बोटे वाकडी झाली होती. वेळीच दाखविले असते, तर सहा महिन्यांच्या गोळ्यांत काम झाले असते. हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो. कारण त्या घराला स्थळ सुचविणारे आम्हीच होतो, आणि घराणे स्वच्छ आहे ना, अशी चौकशी आमच्याकडेच झाली होती. त्या प्रश्नाचा रोख आम्हांस कळला होता. आम्ही होय म्हटले आणि विषय बदलला.

भाऊ दाजींच्या काळी अज्ञान होते, आज ते कारण उरलेले नाही. हा रोग वंशातून येत नाही. उपचार सुरू होताच रोग्यापासून दुसऱ्यास होणारा संसर्ग लवकरच थांबतो. निराधार कुष्ठरोग्यांस कोंडून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ साली काढून टाकण्यात आली. कायद्याने आपले मन मोकळे केले. ज्ञातीच्या वधूवर-चौकशीने अजून केलेले नाही. थोर वैद्याने आपले औषध झाकून ठेवले, त्याची किंमत त्याच्या कीर्तीने दिली. आपण रोग झाकून ठेवतो, त्याची किंमत आपल्या बायका-मुलांची बोटे देतात.

शेवटी तरुणांस दोन शब्द. आपल्या चंद्रपुरात १९९६ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपली मुले यांपैकी एका दारातून आत गेली की दुसऱ्याकडे पाहतही नाहीत. परंतु विद्येच्या घरात आतून दारे असतात. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड हे प्रथम बांधकामाचे काम शिकले आणि मग डॉक्टर झाले. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांत पुन्हा बळ आणणाऱ्या शस्त्रक्रिया त्यांनी बसविल्या आणि बधिर पायांस जखमा होऊ नयेत म्हणून मऊ रबराच्या वहाणा घडविण्यात पुढाकार घेतला. पायाच्या तळव्यावर भार कोठे किती पडतो, हा प्रश्न डॉक्टरचा जितका तितकाच अभियंत्याचा आहे. यंत्रशास्त्र शिकविणारा एक तरुण शिक्षक पावणेदोनशे वर्षांपूर्वी वैद्यकाच्या दारातून आत गेला. आज ती वाट कितीतरी सोपी झाली आहे. जो तरुण त्या वाटेने जाईल, त्याने आपल्या नोंदी वेळीच लिहाव्या, गुरुजनांस दाखवाव्या व प्रसिद्ध कराव्या, एवढी सूचना भाऊ दाजींच्या चरित्रातून त्याने जरूर घ्यावी.

आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी? थोर पूर्वजाच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. यंदा घरोघर तपासणीस येणाऱ्या आशाताईस दारातूनच परत न पाठविता आत बोलावावे, अंगावरचा डाग तिला दाखवावा, आणि सोयरिकीच्या वेळी आम्हांस कोणी घराणे स्वच्छ आहे ना असे विचारले, तर विषय बदलू नये. एवढे घडले तर ज्ञातीने भाऊ दाजींचे ऋण अंशतः तरी फेडले असे आम्ही समजू. त्यांच्या पुण्यस्मृतीस आमचे सादर वंदन.